खेळाडूचे मोल

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या शाळेचा क्रिकेटचा संघ निवडला गेला, तेव्हा फलकावर नावे लागताच व्हरांड्यात जो कोलाहल उडाला तो कित्येक पालकांच्याही कानी गेला असेल. सारा वाद दोन नावांविषयी होता. एका मुलाने वर्षभरात एकदाच, परंतु डोळे दिपविणारी, धावसंख्या काढिली होती. तो घेतला गेला. दुसरा दर सामन्यात पंधरावीस धावा करून तासभर खेळपट्टीवर टिकत असे. तो वगळला गेला. निवड करणाऱ्यांत आम्हीही एक होतो. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने आम्हांस गाठून अगदी नम्रपणे विचारिले, "सर, ह्या दोघांचे मोल आपण कोणत्या मापाने मोजले?" खरे सांगावयाचे तर आम्हांस त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. मोठी खेळी आमच्या डोळ्यांपुढे होती, लहान खेळ्या नव्हत्या, एवढेच काय ते कारण.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधीत असता आम्ही अमेरिकेतील बेसबॉल ह्या खेळाच्या वाङ्मयाकडे जाऊन पोचलो. कारण तेथील लोकांनी हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षे, न्हाव्याच्या दुकानात, आगगाडीच्या डब्यात, वर्तमानपत्रांत आणि पुढे रेडिओवर, इतक्या हिरिरीने घोळविला आहे की तो आता जवळजवळ एक शास्त्रच होऊन बसला आहे. संघात कोणास ठेवावे, कोणास काढावे, कोणाच्या बदल्यात कोणास घ्यावे, ह्याविषयी तेथील सामान्य प्रेक्षक जितका विचार करितो तितका आपल्याकडे लोक मुलीचे स्थळ पाहतानाही करीत असतील की नाही, ह्याची आम्हांस शंका आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्याकरिता दोन शब्द सांगितले पाहिजेत. एका बाजूस नऊ खेळाडू. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांस चार ठाणी असतात, त्यांस बेस म्हणतात. गोलंदाज, म्हणजे तिकडील पिचर, चेंडूचा टप्पा न पाडता तो सरळ फलंदाजाकडे फेकतो. फलंदाजाने टोला मारून, बाद न होता, एक एक ठाणे गाठीत पुन्हा मूळ ठाण्यावर यावे म्हणजे एक धाव होते. चेंडू इतका दूर गेला की कुंपणापलीकडे पडला तर सारी फेरी बिनधोक पुरी होते, तो होमरन. पिचरने चार चेंडू मर्यादेबाहेर फेकले आणि फलंदाजाने त्यांच्या मोहात न पडता दांडू आवरून धरिला, तर त्यास पहिले ठाणे फुकट मिळते. ह्यास तेथे 'वॉक' म्हणतात. हा वॉक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे फार काम पडणार आहे.

वरिष्ठ संघ तीस आहेत व प्रत्येकास एका हंगामात १६२ सामने खेळावे लागतात. इ. स. २०२० पासून प्रत्येक संघास सव्वीस खेळाडू एका वेळी हाताशी बाळगता येतात. त्यापूर्वी ही संख्या पंचवीस होती. ह्याशिवाय चाळीस जणांची एक मोठी यादी असते, आणि त्या यादीतील बाकीचे खेळाडू बहुतकरून कनिष्ठ संघांत खेळत असतात. येथपर्यंत गोष्ट सोपी दिसते. परंतु तरुण खेळाडूस वरून खाली पाठविण्याची मुभा संघास साधारणपणे तीनच हंगाम असते. ती संपली की त्यास खाली पाठविण्यापूर्वी इतर सर्व संघांस तो देऊ करावा लागतो, आणि त्यांपैकी कोणीही त्यास उचलून नेऊ शकतो. म्हणून पुष्कळदा असे घडते की दोघांतील जो बरा, पण ज्याची मुभा शिल्लक आहे, तो खाली जातो, आणि जो त्याहून कमी, पण ज्याची मुभा संपली आहे, तो संघात राहतो. प्रेक्षक संतापतात, व्यवस्थापकाच्या बुद्धीविषयी शंका काढितात. आणि व्यवस्थापक मात्र दोघांनाही हातचे न घालविण्याची खटपट करीत असतो. निवडीवर टीका करणाराने प्रथम निवडणाराचे हात कोणत्या नियमांनी बांधले आहेत ते पाहावे, हे आम्ही येथे शिकलो. (आमचे हात मात्र कोणीही बांधिले नव्हते, हे कबूल करितो.)

आता मापाकडे वळू. बेसबॉलचे पहिले मोठे हिशेबनीस हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्लंडमधील एक्सेटर गावचे. त्यांचा जन्म १८२४ चा. लहानपणीच ते अमेरिकेत गेले, आणि बेसबॉलकडे वळण्यापूर्वी ते वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तान्त लिहीत असत. सामन्याचा सारा जमाखर्च एका लहानशा चौकटीत मांडण्याची जी रीत त्यांनी रूढ केली तिचे मूळ क्रिकेटच्या वहीतच आहे. फलंदाजाची सरासरी काढण्याची त्यांची पद्धतही अशीच साधी: बाद न होता ठाणे मिळवून देणारे टोले किती, ते एकंदर संधींनी भागावयाचे. तेथे ही सरासरी हजारी प्रमाणात सांगतात. तीनशे म्हणजे उत्तम, अडीचशे म्हणजे बेताची. परंतु वॉक मिळाला तर त्याचे श्रेय फलंदाजास द्यावयाचे की नाही? चॅडविकांच्या मते वॉक ही पिचरची चूक होती, फलंदाजाचा गुण नव्हे. १८८७ साली वॉकची गणना टोल्यांत करून पाहिली, पण एकाच वर्षात ती सोडून दिली. सबब पुढे कित्येक दशके, जो फलंदाज धीर धरून वाईट चेंडू सोडून देई आणि निमूटपणे पहिल्या ठाण्यावर जाऊन उभा राही, त्याच्या नावापुढे वहीत काहीच लिहिले जात नसे. न मारण्यातही कसब असते, हे त्या वहीस ठाऊक नव्हते.

बरे, डोळ्यांनी पाहून तरी कळते काय? एक लहानसे गणित करून पाहा. एका हंगामात पाचशे संधी मिळाल्या असे धरू. अडीचशे सरासरीचा फलंदाज १२५ टोले मारील, तीनशेचा १५०. फरक पंचवीस टोल्यांचा. हंगाम सुमारे सहा महिन्यांचा, म्हणजे सव्वीस आठवड्यांचा. तेव्हा उत्तम आणि बेताचा ह्यांत आठवड्यास अवघ्या एका टोल्याचे अंतर पडते! जो प्रेक्षक महिन्यातून दोनदा सामना पाहावयास जातो त्यास हे अंतर दिसणार कसे? त्यास दिसतो तो त्या दिवशीचा टोला किंवा त्या दिवशीची चूक, आणि घरी येऊन तो त्यावरच वाद घालितो.

प्रेक्षकांच्या वादांत ज्याचा दाखला आजही दिला जातो असा एक सौदा १९६४ च्या जून महिन्याच्या १५ तारखेस झाला. शिकागोच्या कब्ज संघाने लू ब्रॉक नावाचा चोवीस वर्षांचा खेळाडू सेंट लुईच्या कार्डिनल्स संघास दिला आणि त्याच्या बदल्यात अर्नी ब्रॉग्लिओ नावाचा पिचर घेतला. दोन्हीकडून आणखी दोघे दोघे होते, परंतु लक्ष ह्या दोघांकडेच होते. ब्रॉग्लिओने आदल्या हंगामात अठरा सामने जिंकून दिले होते. ब्रॉक वेगाने धावे खरा, पण त्याची त्या वेळची सरासरी २५१ होती आणि क्षेत्ररक्षणही कच्चे होते. शिकागोस आनंद झाला. सेंट लुईच्या संघातील कित्येक खेळाडूंसही सौदा आतबट्ट्याचा वाटला. पुढे काय झाले? ब्रॉकने उरलेल्या हंगामात ३४८ ची सरासरी राखिली आणि तेहतीस वेळा ठाणी चोरली. म्हणजे पिचरचे लक्ष चुकवून पुढच्या ठाण्यावर धाव घेतली. सेंट लुईने आपल्या लीगचे अजिंक्यपद एका सामन्याच्या अंतराने पटकाविले आणि नंतर न्यूयॉर्कच्या यांकी संघास चार विरुद्ध तीन सामन्यांनी हरविले. कारकीर्द संपेपर्यंत ब्रॉकच्या नावावर ३०२३ टोले आणि ९३८ चोरलेली ठाणी जमा झाली. ब्रॉग्लिओचा कोपर दुखावलेला होता. शिकागोसाठी त्याने सात सामने जिंकले, एकोणीस हरले, आणि १९६६ नंतर तो वरिष्ठ संघांत दिसला नाही.

तेव्हापासून वाईट सौद्यास त्या दोघांच्या नावाने ओळखण्याची चालच पडली आहे. परंतु आम्हांस वाटते, ह्या निवाड्यात शिकागोवर थोडा अन्याय होतो. त्या जून महिन्यात जे आकडे सर्वांस दिसत होते त्यांवरून सौदा मूर्खपणाचा ठरत नाही. परीक्षेचा निकाल लागल्यावर कोणता धडा वाचावयास हवा होता हे कोणीही सांगेल. चूक शोधावयाचीच असेल तर ती कोपराची नीट तपासणी न करण्यात आणि पायांच्या वेगाची किंमत न धरण्यात शोधावी. सेंट लुईकरांनी नेमकी ती धरिली होती: ह्या मुलास धावू द्या, त्यास पाहिजे तेव्हा चोरी करू द्या, असे त्यांनी ठरविले. एकच खेळाडू एका संघास कमी मोलाचा आणि दुसऱ्यास फार मोलाचा असू शकतो. कारण मोल हे त्या खेळाडूच्या अंगी जितके असते तितकेच त्यास मिळणाऱ्या मोकळिकीतही असते. ब्रॉक व ब्रॉग्लिओ उतारवयात एकमेकांचे स्नेही होते, हेही येथे सांगितले पाहिजे. ब्रॉग्लिओ २०१९ साली वारले आणि ब्रॉक २०२० साली.

वॉककडे दुर्लक्ष होते हे काही थोड्या जणांस फार पूर्वीच उमगले होते. ब्रुकलिनच्या संघाचे प्रमुख ब्रँच रिकी ह्यांनी १९४७ साली अ‍ॅलन रॉथ नावाचा एक आकडेतज्ज्ञ नोकरीस ठेविला, आणि त्याच्या साहाय्याने १९५४ साली एका प्रसिद्ध साप्ताहिकात लेख लिहून, फलंदाज कोणत्याही उपायाने ठाण्यावर किती वेळा पोचतो हे मोजावे असे प्रतिपादिले. फारसे कोणी ऐकले नाही. पुढे कॅन्सस प्रांतात डबाबंद अन्नाच्या एका कारखान्यात रात्रीचा पहारा करणाऱ्या बिल जेम्स नावाच्या मनुष्याने १९७७ पासून पदरखर्चाने वार्षिक पुस्तके छापून हेच आणि असे कित्येक प्रश्न उपस्थित केले. तो ना खेळाडू होता, ना व्यवस्थापक. तो केवळ प्रेक्षक होता. पण त्याने 'मला असे वाटते' हे वाक्य सोडून 'मोजून पाहू' हे वाक्य धरिले. ठाण्यावर पोचण्याच्या प्रमाणास १९८४ साली अधिकृत आकड्यांत जागा मिळाली, आणि २००२ च्या अखेरीस बॉस्टनच्या संघाने त्या एके काळच्या पहारेकऱ्यास सल्लागार नेमिले. १९१८ नंतर एकदाही विश्वविजेतेपद न मिळालेला तो संघ २००४ साली जिंकला. हे सारे एका मनुष्याचे श्रेय नव्हे. तथापि रात्रपाळीत जागून केलेले गणित अगदीच वाया गेले नाही.

ह्या विचाराची खरी कसोटी लागली ती २००२ साली, त्या वेळी ओकलंड शहरात असलेल्या अ‍ॅथलेटिक्स संघाच्या बाबतीत. हा संघ गरीब. त्याचा वर्षाचा वेतनखर्च सुमारे चार कोटी डॉलर, तर न्यूयॉर्कच्या यांकींचा सुमारे साडेबारा कोटी. आदल्या वर्षी १०२ सामने जिंकून देणाऱ्या त्याच्या खेळाडूंपैकी जेसन जिआंबी, जॉनी डेमन आणि जेसन इसरिंगहाउसेन हे तिघे श्रीमंत संघांकडे निघून गेले. त्यांच्यासारखेच दुसरे विकत घेणे शक्य नव्हते. व्यवस्थापक बिली बीन ह्यांनी मग, बाजारात ज्या गुणास भाव नाही पण ज्याने धावा होतात, तो गुण हुडकिला. स्कॉट हॅटबर्ग नावाचा बॉस्टनचा एक कॅचर हाताच्या शिरेच्या दुखण्याने निकामी ठरला होता. चेंडू नीट फेकता येत नसल्याने त्यास कोणी विचारीत नव्हते. परंतु तो चेंडू सोडून देण्यात पटाईत होता. त्यास बीन ह्यांनी पहिल्या ठाण्यावर उभे राहावयास शिकविले, जेथे फेकण्यापेक्षा झेलण्याचेच काम अधिक. त्या हंगामात ओकलंडने १०३ सामने जिंकले. त्यांत सलग वीस होते. ४ सप्टेंबर रोजी विसावा सामना कॅन्सस सिटीविरुद्ध झाला. अकरा शून्य अशी आघाडी घेऊन ओकलंडने ती सारी गमाविली, आणि अकरा अकरा अशी बरोबरी झाली असता शेवटच्या डावात ह्याच टाकाऊ ठरलेल्या हॅटबर्गने होमरन मारून सामना जिंकून दिला.

ही कथा मायकेल लुईस ह्यांच्या २००३ सालच्या 'मनीबॉल' ह्या पुस्तकाने सर्वत्र पोचविली. कथा गोड आहे. म्हणूनच ती जपून ऐकावी. प्रेक्षकांतील जाणते लोक लगेच विचारितात: त्या संघात टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झीटो हे तीन अव्वल पिचर होते, झीटोने त्या वर्षी तेवीस सामने जिंकून सर्वोत्कृष्ट पिचरचे पारितोषिक मिळविले, मिगेल तेहादा लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला, मग सारे श्रेय वॉक घेणारांना कसे? आक्षेप रास्त आहे. अंतिम टप्प्यात मिनेसोटाने ओकलंडला तीन विरुद्ध दोन असे हरविले, हेही खरे. पण १६२ सामन्यांचा हंगाम आणि पाच सामन्यांची झुंज ह्यांस एकाच तराजूत घालणे आम्हांस पटत नाही. वर्षभर अभ्यास करणारा मुलगा परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणला, तर त्याचा अभ्यासच खोटा होता असे आपण म्हणत नाही.

आता ह्या सर्व मापांचे एकत्र केलेले जे माप आहे त्याचे स्पष्टीकरण करू. ते समजावयास आमच्या धंद्यातील उदाहरण सोयीचे पडेल. एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांच्या जागी बदली शिक्षक येतात. वर्ग ओस पडत नाही. काही ना काही शिकविले जाते. तेव्हा मूळ शिक्षकांचे मोल म्हणजे त्यांनी वर्षभर शिकविले ते सारे नव्हे. बदली शिक्षकांनी जितके शिकविले असते त्याहून अधिक जे शिकविले, तेवढेच. बेसबॉलमध्येही असेच करितात. कनिष्ठ संघांतून कोणत्याही दिवशी स्वस्तात आणता येईल असा एक काल्पनिक बदली खेळाडू धरितात. सगळेच्या सगळे खेळाडू असे असतील तर तो संघ १६२ पैकी सुमारे अठ्ठेचाळीस सामने जिंकील असा अंदाज आहे. मग प्रत्येक खेळाडूची फलंदाजी, धावणे, क्षेत्ररक्षण, आणि तो किती अवघड जागी उभा राहतो, हे सारे धावांत रूपांतरित करून, सुमारे दहा धावांस एक सामना ह्या हिशेबाने, तो बदली खेळाडूहून किती सामने अधिक जिंकून देतो ते काढितात. दोन सामने म्हणजे नित्याचा बरा खेळाडू. आठच्या पुढे म्हणजे त्या वर्षातील अगदी मोजक्यांपैकी एक. हे आकडे काढणाऱ्या संस्थांत आपापसांत थोडा फरक पडतो, मुख्यतः क्षेत्ररक्षणाच्या मोजणीत. म्हणून ६.१ आणि ५.८ ह्यांवरून कोणी भांडू लागला तर तो मापाचा गैरवापर करीत आहे असे समजावे.

हे माप जुन्या मापांशी समोरासमोर आले ते २०१२ साली. डेट्रॉइटचा मिगेल काब्रेरा ह्याने सरासरी ३३०, होमरन ४४ आणि फळास आणलेल्या धावा १३९, अशा तिन्ही बाबतींत आपल्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला. असा तिहेरी मुकुट १९६७ नंतर कोणासही साधला नव्हता. त्याच वर्षी एंजल्स संघाचा माइक ट्राउट हा एकवीस वर्षांचा नवखा तरुण ३२६ च्या सरासरीने खेळला, तीस होमरन मारिले, एकोणपन्नास ठाणी चोरली आणि १२९ वेळा धाव पुरी केली. शिवाय मैदानाच्या मध्यभागी तो हरणासारखा धावून झेल घेई; काब्रेराचे क्षेत्ररक्षण बेताचेच. नव्या मापाने ट्राउट दहा सामन्यांहून अधिक मोलाचा ठरला आणि काब्रेरा सुमारे सात. 'सर्वांत मोलाचा खेळाडू' कोण?

ह्यावर जो वाद माजला तो आम्ही मागाहून मोठ्या आवडीने वाचला, आणि त्यात दोन्ही बाजूंची उत्तम वकिली झाली आहे. काब्रेराचे पक्षपाती म्हणत: त्याचा संघ अंतिम झुंजीपर्यंत गेला, ट्राउटचा संघ पात्रही ठरला नाही. प्रतिपक्षी उत्तर देत: परंतु ट्राउटच्या संघाने ८९ सामने जिंकले आणि काब्रेराच्या संघाने ८८, डेट्रॉइटचा गट दुबळा होता, हा का काब्रेराचा गुण? पहिले म्हणत: प्रिन्स फील्डर संघात आला तेव्हा काब्रेराने आपली पहिल्या ठाण्यावरील जागा त्यास सोडली आणि स्वतः अवघड असे तिसरे ठाणे पत्करिले, हा त्याग तुमच्या वहीत कोठे लिहितात? दुसरे म्हणत: त्याने तिसऱ्या ठाण्यावर जितक्या धावा दिल्या त्याही लिहाव्या लागतील. पहिले म्हणत: काब्रेरा १६१ सामने खेळला, ट्राउट १३९. दुसरे म्हणत: एप्रिल अखेरपर्यंत त्यास कनिष्ठ संघात ठेविले, तो काही घरी झोपला नव्हता, आणि कमी सामन्यांत अधिक केले तर ते मोल वाढते की घटते? अखेर वर्तमानपत्रकारांच्या अठ्ठावीस मतांपैकी बावीस जणांनी काब्रेरास पहिला क्रमांक दिला व सहा जणांनी ट्राउटला. मत देणारांस जो सूचनापत्रक मिळतो त्यात 'मोलाचा' ह्या शब्दाची व्याख्याच दिलेली नाही. ती ज्याने त्याने करावयाची आहे. आमचे मत विचाराल तर आम्ही ट्राउटच्या बाजूचे. तथापि जागा सोडण्याच्या त्यागाविषयीचा प्रश्न आम्हांस अजून सुटलेला नाही.

कारण काही गोष्टी वहीत मावत नाहीत, आणि काही वेळा वहीच उघडली जात नाही. वर ज्यांचा उल्लेख केला ते ब्रँच रिकी मेथडिस्ट पंथाचे श्रद्धाळू गृहस्थ होते. आईस दिलेल्या वचनामुळे रविवारच्या सामन्यास जात नसत. त्यांनी १९४५ साली जॅकी रॉबिन्सन ह्या नीग्रो वंशाच्या खेळाडूस करारबद्ध केले आणि १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावर उतरविले. त्यापूर्वी साठ वर्षे वरिष्ठ संघांनी कृष्णवर्णीयांस दार बंद ठेविले होते. त्या साठ वर्षांत प्रेक्षकांनी सरासऱ्यांवर किती रात्री जागविल्या असतील! आणि त्याच वेळी देशातील कित्येक उत्तम खेळाडू मोजण्याच्या यादीतच नव्हते. रॉबिन्सन त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा ठरला आणि १९४९ साली लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू.

आपणांस हे दूरचे वाटू नये. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघासाठी वर्षानुवर्षे बळी घेणारे पुण्याचे पाळवणकर बाळू ह्यांस, ते अस्पृश्य गणलेल्या जातीत जन्मले म्हणून, संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. बळींचे आकडे सर्वांपुढे होते. वाद आकड्यांचा नव्हताच. १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांस ते पद मिळाले, आणि हिंदू संघ ती स्पर्धा जिंकला.

आणखी एका मनुष्याविषयी लिहून हा लेख आटोपता घेतो. १९६४ च्या त्या विजयी सेंट लुई संघात ब्रॉकच्या शेजारी, मैदानाच्या मध्यभागी, कर्ट फ्लड नावाचा खेळाडू उभा राहत असे. १९६३ पासून सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक त्याने मिळविले. १९६९ च्या ऑक्टोबरात त्यास कळविण्यात आले की तुला फिलाडेल्फियास देऊन टाकिले आहे. त्या काळी करारातील एका कलमामुळे खेळाडू आपल्या संघास कायमचा बांधलेला असे; मालकाने ठेविले तर राहावयाचे, दुसऱ्यास दिले तर जावयाचे. फ्लडचे वार्षिक वेतन ९०,००० डॉलर होते, जे त्या काळी फार मोठे होते. तरीही त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने बेसबॉलच्या प्रमुख अधिकाऱ्यास पत्र लिहिले की आपण कोणाची मालमत्ता नसून आपणांस स्वतःचा संघ निवडण्याचा हक्क असावा. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतातील मजुरांच्या पावलीविषयी आपण पुष्कळ चर्चा करितो. पण ते मजूर निदान चौकात उभे होते आणि कोणत्या धन्याबरोबर जावे हे त्यांच्या हाती होते. फ्लडच्या हाती तेवढेही नव्हते.

त्याने न्यायालयात दाद मागितली. जॅकी रॉबिन्सन ह्यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. परंतु त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू त्याच्या शेजारी येऊन बसला नाही. १९७२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. १९७१ साली तो वॉशिंग्टनसाठी तेरा सामने खेळला आणि थांबला. पुढे १९७५ च्या डिसेंबरात दुसऱ्या दोन पिचरांच्या प्रकरणी लवादाने त्या कलमाचा अर्थ खेळाडूंच्या बाजूने लाविला, आणि तेव्हापासून ठरावीक वर्षे खेळलेला खेळाडू आपला संघ आपण निवडू लागला. आज ज्या कोट्यवधींच्या वेतनांवरून प्रेक्षक 'हा एवढ्या किमतीचा आहे काय' म्हणून भांडतात, ती वेतने त्यानंतरची. फ्लड १९९७ साली वारला. पुढील वर्षी खेळाडूंच्या ह्या हक्कांविषयी जो कायदा झाला त्यास त्याचेच नाव दिले आहे.

कूपर्सटाउन येथे बेसबॉलच्या थोर खेळाडूंचे कीर्तिमंदिर आहे. २०२४ साल संपेपर्यंत तरी फ्लडला तेथे जागा मिळाली नव्हती. एक पक्ष म्हणतो, त्याची सरासरी २९३, होमरन थोडे, कारकीर्द अकाली संपलेली. त्याच्याहून अधिक आकड्यांचे कितीतरी जण बाहेर आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, ती अकाली का संपली ते आधी सांगा.